पोर्तो सान लुकाची मेस

"हे बघा, चार दिवस फोडणी बंद," वसुधानं न्युरेम्बर्गहून निघतानाच गाडीत जाहीर केलं होतं. "तळण नाही, हिंग नाही, कांदा परतायचा नाही. ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं. फार तर पास्ता उकडू. चारच दिवसांचा प्रश्न आहे."

प्रश्न खरं तर चार दिवसांचा नव्हता, घराचा होता. श्रीरंग आणि वसुधा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. सहा वर्षांच्या अन्वीचा पलंग पॅसेजमध्ये होता, आणि उन्हाळ्यात पुण्याहून श्रीरंगचे आई-बाबा आले की तो स्वयंपाकघरात गादी टाकून झोपायचा. त्यातून आईंचे, म्हणजे विभावरीबाईंचे गुडघे. दोन जिने चढून आल्या की त्या दारातल्या स्टुलावर बसून आधी पाणी मागायच्या आणि मग मुलाच्या नोकरीला नावं ठेवायच्या. अशात तळमजल्यावरची तीन खोल्यांची, पुढे इवलीशी बाग असलेली जागा ऑक्टोबरात रिकामी होणार असं मालकिणीनं जिन्यात जाता जाता सांगितलं आणि वसुधाची झोप उडाली. मालकीण फ्राऊ आयग्नर, म्हणजे आयग्नरबाई, त्याच इमारतीत, यांच्या डोक्यावर राहायची. सत्तरीची विधवा बाई, ब्लाऊजला कडक इस्त्री, कचरा चुकीच्या डब्यात टाकणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावरून नावानिशी हाक मारणारी. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर वसुधाच्या खिडकीवर होती.

"सरळ विचारून टाक ना तिला," श्रीरंग म्हणाला होता.

"आपणहून कसं विचारायचं? बरं दिसतं का ते? तिच्या मनात असेल तर ती स्वतः म्हणेल."

फ्राऊ आयग्नर जागेबद्दल पुढे काही म्हणाली नाही. तिनं जुलैत जिन्यात थांबवून वेगळंच सांगितलं. इटलीच्या किनाऱ्यावर पोर्तो सान लुका नावाच्या गावात तिचं एक जुनं घर आहे, ऑगस्टमध्ये ती तिथे खालच्या खोलीत राहते, वरच्या खोल्या रिकाम्याच असतात, तर आई-वडिलांना घेऊन या चार दिवस. श्रीरंगला हे आमंत्रण वाटलं. वसुधाला ती परीक्षा वाटली. बाई आपल्याला चोवीस तास जवळून पारखणार, आणि परदेशी भाडेकरू म्हटल्यावर जर्मन मालकिणीच्या नाकाला पहिली काय झोंबते, तर फोडणी. तेव्हा फोडणी बंद.

गाव मात्र दृष्ट लागण्यासारखं होतं. डोंगराच्या उतारावर गुलाबी आणि पिवळी घरं, खाली अर्धगोल निळा समुद्र, वाळूवर छत्र्यांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा, आणि दर दोन गल्ल्यांआड एक शेकडो वर्षांचं चर्च. निम्मं गाव ऑगस्टमध्ये जर्मनांनी भरलेलं असायचं. गेल्याच महिन्यात संपलेल्या वर्ल्ड कपचे काळे-लाल-सोनेरी झेंडे काहींच्या गाड्यांवर अजून फडफडत होते. पण राजाभाऊंना, म्हणजे श्रीरंगच्या बाबांना, चौथ्या दिवशी यातलं काही दिसेनासं झालं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस दौऱ्यावर असतानासुद्धा दोन वेळा पोळी-भाजी खाऊन होता. तीन दिवस ब्रेडवर टोमॅटो ठेवून खाल्ल्यावर त्यांनी बोलणंच कमी केलं होतं, आणि ते बोलेनासे झाले की घरात सगळ्यांना धास्ती वाटायची.

त्या रविवारी सकाळी विभावरीबाई गुडघ्यांना तेल लावून घरीच बसल्या. त्यांच्या सोबतीला वसुधा थांबली. श्रीरंग बाबांना आणि अन्वीला घेऊन चर्च बघायला बाहेर पडला.

"काही घोटाळा करू नकोस," वसुधानं दारात बजावलं. "आज संध्याकाळी निघायचंय. एवढा एक दिवस नीट पार पडू दे."

पहिलं चर्च काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं होतं. दुसरं बंदरावरचं, खलाशांचं. त्याच्या छताला लहान लहान लाकडी जहाजं टांगलेली होती. वादळातून वाचलेल्यांनी ती वाहिली होती.

"नवस फेडलेत," राजाभाऊ म्हणाले. त्यांनी दोन्हीकडे बूट बाहेर काढले, हात जोडले, आणि बाहेर येऊन दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला. "जेवायला काय आहे?"

"आल्झो... म्हणजे, पास्ता, बहुतेक."

राजाभाऊ बूट घालून चालू पडले.

तिसरं चर्च सर्वांत मोठं, सान लुकाचं. समुद्राकडून वर जाणाऱ्या रुंद पायऱ्या चढून जायच्या. राजाभाऊ अर्ध्या वाटेत थबकले. दाराशी एका तिकाटण्यावर जर्मन पाहुण्यांसाठी लावलेला फलक होता. त्यांनी चष्मा पुसला, फलकापर्यंत गेले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"एफ, ई, एस, टी... फीस्ट! पुढे काय? मेस! अरे श्रीरंग, फीस्ट आहे! मेसमध्ये!"

फलकावर 'फेस्टमेसे' असं लिहिलेलं होतं. खाली रविवार, साडेअकरा.

"बाबा, ती मेस नाही. मेसे. म्हणजे प्रदर्शन."

"कसलं प्रदर्शन? शेवटच्या ई-चा उच्चार करत नसतात. आणि वेळ बघ, साडेअकरा. प्रदर्शन काय साडेअकराला असतं? ही जेवणाची वेळ आहे. कॉलेजची सगळी वर्षं मी पुण्यात मेसवर जेवलोय, मला सांगू नकोस. रविवारी सकाळी फीस्ट, रात्री मेस बंद. जगात सगळीकडे हेच असणार."

आता श्रीरंगनं खरं तर थांबून विचार करायला हवा होता. पण त्याचं ऑफिस न्युरेम्बर्गच्या प्रदर्शन-मैदानाजवळ होतं. रोज तो ज्या भुयारी स्टेशनवर उतरायचा त्याचं नावच 'मेसे' होतं. सहा वर्षांत या शब्दाला प्रदर्शनाखेरीज दुसरा काही अर्थ असेल अशी शंकासुद्धा त्याला आली नव्हती. जुन्या चर्चमध्ये हल्ली कायकाय भरवतात. ऑलिव्ह तेलाचं असेल, चीजचं असेल, चाखायला काहीतरी देतीलच. त्यालाही भूक लागली होती. बाप आणि मुलगा आपापल्या अज्ञानावर पूर्ण विश्वास ठेवून आत शिरले.

आत बाकं गच्च भरलेली होती.

"पंगत बसलीसुद्धा," राजाभाऊ कुजबुजले. "म्हटलं नव्हतं?"

मग ऑर्गन वाजला, सगळे उठून उभे राहिले आणि गायला लागले, आणि समोर पांढऱ्या-सोनेरी वस्त्रातले फादर आले. श्रीरंगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेसे म्हणजे प्रार्थना. आज कसला तरी सण, म्हणून फेस्टमेसे. त्यानं एका हातानं अन्वीला आणि दुसऱ्यानं बाबांना धरून दाराकडे पाऊल टाकलं. नेमकं तेव्हाच पहिल्या बाकावरून फ्राऊ आयग्नरनं मागे वळून पाहिलं. भाडेकरूंच्या तीन पिढ्या आपल्या चर्चमध्ये बघून तिचा चेहरा असा काही उजळला, की श्रीरंग होता तिथेच खाली बसला. आता उठून जाणं म्हणजे तळमजल्यावर स्वतःच्या हातानं पाणी सोडणं.

"वाढपी कुठायत?" राजाभाऊंनी विचारलं.

"बाबा, ही पूजा आहे. जेवण नाहीये. गप्प बसा."

"पूजा? मग प्रसाद असेल," राजाभाऊ म्हणाले आणि शांतपणे हात जोडून बसले.

प्रसाद होता. तासाभरानं एकेका बाकावरचे लोक उठून फादरांपुढे रांग लावायला लागले. आपलं बाक रिकामं होताच राजाभाऊ उठले. श्रीरंगनं त्यांचा शर्ट धरला. त्यांनी तो सोडवला. फ्राऊ आयग्नर बघत होती, त्यामुळे झटापट करणं शक्य नव्हतं. श्रीरंग अन्वीला घेऊन मुकाट त्यांच्यामागून गेला. राजाभाऊंनी फादरांपुढे खाली मान घालून हाताचा खोलगट पंजा केला, दुसरा हात त्याखाली धरला. फादरांनी पातळ, गोल, पांढरी चकती त्यावर ठेवली. राजाभाऊंनी ती डोळ्यांना लावली, खिशातून घडीचा रुमाल काढला, चकती त्यात अलगद गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिली.

अन्वी न्युरेम्बर्गची पोर. नाताळातले लेबकुखन, म्हणजे मसाल्याची बिस्किटं, खातच वाढलेली. त्या बिस्किटांच्या बुडाला अशीच पांढरी चकती असते. ती खणखणीत जर्मनमध्ये ओरडली, "पपा, आजोबांनी लेबकुखनचा खालचा भाग खिशात घातला!"

ऑर्गन थांबला. रांग थांबली. फ्राऊ आयग्नर बाकावरून उठून तरातरा पुढे आली. "नाही, नाही, नाही! ते इथेच खायचं असतं! लगेच! बाहेर न्यायचं नाही!"

"काय म्हणतेय ती?" राजाभाऊंनी विचारलं.

"लगेच खा म्हणतेय. बाबा, खाऊन टाका. प्लीज."

"एकट्यानं? ही तिकडे घरी आहे ना! लग्न झाल्यापासून हिला दिल्याशिवाय मी प्रसाद तोंडात घातलेला नाही. सांग त्यांना."

राजाभाऊंना भूक इतकी लागली होती की ती चकतीच काय, फादरांच्या हातातली तबकडीसुद्धा त्यांनी खाल्ली असती. तरी ते हटेनात. फादर, त्यांचं नाव एटल, सत्तरीकडे झुकलेले आणि लाल गालांचे होते. ते रांग सोडून जवळ आले. श्रीरंग दोघांच्या मध्ये झाला. ऑफिसात तो जर्मनमध्ये दोन-दोन तास मीटिंग घ्यायचा, पण गुडघेदुखी हा विषय तिथे कधी निघाला नव्हता.

"त्यांच्या बायकोसाठी," तो म्हणाला. "माझी आई. घरी आहे. बरं नाहीये."

"बरं नाही? काय झालंय?" फ्राऊ आयग्नरनं विचारलं.

श्रीरंगला सांगायचं होतं की ती आता फार वेळ उभी राहू शकत नाही. पण मराठीसारखंच जर्मन वाक्याचं क्रियापदही शेवटी बसतं.

"ती आता फार वेळ..." तो म्हणाला, आणि वर बसलेल्या ऑर्गनवाल्याला, इतका वेळ शांतता का म्हणून, पुढचं गाणं सुरू करायची बुद्धी झाली. वाक्याची शेपटी ऑर्गनमध्ये वाहून गेली.

फ्राऊ आयग्नरनं छातीवर क्रूसाची खूण केली. फादर एटलनी डोळे मिटले. मग त्यांनी राजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळुवारपणे त्यांच्या खिशातला रुमाल मागून घेतला, उलगडला, आणि ती चकती आदरानं स्वतः ग्रहण केली.

"त्यांनीच खाल्लं!" राजाभाऊ थक्क झाले. "हिच्या वाटचं!"

"कॅथलिक आहात का तुम्ही?" फादरांनी विचारलं.

"नाही. हिंदू."

"बरं. मी प्रार्थना करायला तर येऊ शकतो." आणि त्यांनी सगळ्यांकडे वळून सांगितलं, की दूर देशाहून आलेली आपली एक भगिनी या क्षणी अत्यवस्थ आहे. दोनशे जर्मनांनी विभावरीबाईंसाठी गुडघे टेकले.

श्रीरंगनं तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी माणसं गुडघ्यांवर असताना, अहो तिचे फक्त गुडघे दुखतायत, हे सांगायचं कसं?

पायऱ्या उतरताना त्यानं धीर केला. "फ्राऊ आयग्नर, थोडा गैरसमज..."

"काही बोलू नका." तिनं त्याचा हात घट्ट धरला. तिचे डोळे ओले होते. "वेडी मी. त्या बिचारीला वरच्या खोल्या दिल्या. आणि न्युरेम्बर्गलाही दोन जिने! खालच्या जागेबद्दल आता बोलायलाच हवं."

खोटं श्रीरंग एक अक्षरही बोलला नव्हता. खरं बोलायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते या वळणावर बोललं तर जागा गेली, घरी पोचल्यावर कळलं तर जागाही गेली आणि अब्रूही गेली. हे त्याला कळत होतं. तरी पुढचं वळण येईपर्यंत तो गप्प राहिला, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. मागून फादर, त्यांच्यामागे आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेतलेली एक बाई, आणि सर्वांत शेवटी अन्वीचं बोट धरून उपाशी राजाभाऊ चालले होते. त्यानं मोबाइल काढून वसुधाला फोन लावला.

"मी काही केलेलं नाहीये!" वसुधानं फोन उचलताच सांगितलं.

"काय?"

"काहीच नाही. का? तू का फोन केलास?"

"ऐक, आई काय करतेय? तिला आधी आडवी..."

पलीकडे चर्र असा दीर्घ, ओळखीचा आवाज आला आणि फोन कट झाला. श्रीरंग भर उन्हात गार पडला. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. फोडणी!

गल्लीच्या तोंडाशीच हिंग आला. दारात मोहरी आणि लसूण. जिन्यात तर धूरच होता. फ्राऊ आयग्नरनं एकदा वर पाहिलं, एकदा श्रीरंगकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता भराभर चढायला लागली. तिनं दार ढकललं.

विभावरीबाई गॅसपुढे उंच स्टुलावर बसून पिठलं ढवळत होत्या. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद, तब्येत ठणठणीत. बाजूला वसुधा भाकरी थापत होती. झालं होतं असं, की पुरुष मंडळी बाहेर पडल्यावर सासूनं पिशवीच्या तळातून बेसन, भाकरीचं पीठ आणि हिंग-मोहरी काढून सुनेपुढे ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "मालकीण चर्चमध्ये गेलीय, तासभर येत नाही. यांचा चेहरा बघवत नाही मला." वसुधानंही तीन दिवस टोमॅटोच खाल्ले होते. तिनं फार विरोध केला नाही.

आता तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. विभावरीबाईंनी दारात फादर बघितले, मागची बाई बघितली, आणि त्यांना जे सुचलं ते त्या नवऱ्याला बोलल्या. "अहो, पाहुणे आणायचे तर आधी सांगायचं तरी! पिठलं घरच्यांपुरतंच आहे."

"स्टेऽऽहेन!" श्रीरंग ओरडला. "उभी! उभी राहू शकत नाही! ती आता फार वेळ उभी राहू शकत नाही, असं म्हणायचं होतं मला! गुडघे! माफ करा, फ्राऊ आयग्नर. चर्चमध्ये सांगायचं राहिलं, आणि रस्त्यात मी सांगितलं नाही. जागेसाठी गप्प राहिलो."

मग फादर एटल भिंतीला टेकले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला. फ्राऊ आयग्नर हसली नाही. ती जवळच्या खुर्चीवर बसली आणि रडायला लागली.

"झालं," वसुधा मराठीत पुटपुटली. "गेली जागा." मग तिनं पीठभरले हात पुसले आणि जर्मनमध्ये सुरुवात केली. "फ्राऊ आयग्नर, वासाबद्दल सॉरी. चार दिवस आम्ही काहीच शिजवलं नव्हतं, शप्पथ..."

"तेच तर!" फ्राऊ आयग्नर उसळली. "चार दिवस यांच्या खोलीतून वास नाही, भांड्यांचा आवाज नाही. थंड ब्रेड खातायत! मी खाली बसून विचार करत होते, यांना घर आवडलं नाही. माझ्यावर रागावलेत. हे जागा सोडून जाणार, म्हणून एवढे नम्र झालेत. माणसं सोडून जायच्या आधी अशीच नम्र होतात."

"आम्ही? सोडून?" वसुधा बघतच राहिली. "पण तुम्हाला तो वास..."

"वास भयंकरच आहे," फ्राऊ आयग्नर नाक पुसत म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. "पहिलं वर्ष मी खिडक्या उघड्या ठेवून झोपले. पण आता तो आला नाही की मला वाटतं, घरात कुणी नाही. आणि खालची जागा! मे महिन्यापासून मी वाट बघतेय. मुद्दाम जिन्यात सांगितलं, रिकामी होतेय म्हणून. इथे बोलावलं, म्हटलं इथे तरी निवांत विचारतील. तुम्ही कधी विचारलंच नाही!"

"आपणहून कसं विचारायचं?" वसुधा म्हणाली.

"मग कसं विचारायचं?"

श्रीरंगनं वसुधाला कोपरानं ढोसलं. तिनं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं, घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द लावून विचारलं, "फ्राऊ आयग्नर, तळमजल्यावरची जागा आम्हाला मिळेल का?"

"अगदी बरोबर," फ्राऊ आयग्नर म्हणाली. "हो. मिळेल. एवढंच तर होतं."

श्रीरंग तिथेच जमिनीवर बसला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता आला. अन्वी आजीच्या मांडीवर चढली. वसुधा एकदा हसली, मग तिनं डोळे पुसले, त्यामुळे सगळं पीठ तिच्या गालांना लागलं.

"काय म्हणाली ती?" राजाभाऊंनी विचारलं.

"हो म्हणाली, बाबा. जागा मिळाली."

"नुसतं विचारल्यावर?"

"हो."

"मग आम्हाला उपाशी कशाला ठेवलंत?"

वसुधानं फादरांसाठी खुर्ची सरकवली, पिशवीतलं उरलेलं सगळं बेसन काढलं, दुसरी कढई गॅसवर चढवली आणि तेल जरा जास्तच ओतलं.